फोतिनीबाईंचे बुधवारचे प्रश्न

बुधवार, ६ नोव्हेंबर २०१९

लेमोनिया,

'प्रिय' लिहिलेलं नाही हे तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, थोरलीला काहीतरी हवंय. हवंच आहे. पण ते शेवटी सांगते, नाहीतर पहिल्याच ओळीला कागद चुरगाळशील.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून मी दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले. स्वतःचं पत्र लिहायचं म्हटल्यावर मात्र कळेना, सुरुवात कुठून करतात. म्हणून आधी गावाची खबर देते.

गावात एक नवीन खूळ निघालंय. दर बुधवारी संध्याकाळी सहाला वाचनालयात फोतिनीबाई आपल्या जुन्या गोष्टी घेऊन बसतात. हो, आपल्या शाळेतल्याच फोतिनीबाई. निवृत्त झाल्या, पण खोड गेली नाही. आधी गोष्ट वाचतात, मग टाइप केलेल्या प्रश्नांचा कागद वाटतात. आणि वर म्हणतात, "बरोबर की चूक ते मला नकोय. तुम्हाला असं का वाटतं, तेवढं सांगा." शाळेत हेच म्हणाल्या असत्या तर माझे कान इतके लांब झाले नसते.

आम्ही सातआठ जण असतो, पण तोंड चालतं ते तिघांचंच. पाद्रीबाबांची बायको मारियान्थी, दफनभूमीत कबरी खणणारा पान्देलिस आणि मी.

आजची गोष्ट थीव्हा शहराची होती. दोन भाऊ एकमेकांशी लढून मेले. राजानं हुकूम काढला, एकाला मानानं पुरा, दुसऱ्याला कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर टाका. त्यांना दोन बहिणी. एक म्हणाली, मी भावाला माती देणार, जीव गेला तरी बेहत्तर. दुसरी म्हणाली, मी नाही येत, राजाशी आपण काय लढणार? पहिली गेली, माती टाकली, पकडली गेली आणि मेली. बाईंचा प्रश्न असा: "जी आली नाही ती भित्री, की शहाणी?"

पान्देलिसनं आधीच हात वर केला. "माती किती टाकली, ते सांगा."

"मूठभर," बाई म्हणाल्या. "वाळलेली."

"मग ते पुरणं नव्हेच! मूठभर मातीत मांजरसुद्धा पुरत नाही."

"अरे, ते धर्माचं आहे," मारियान्थी म्हणाली. "तुझ्या फावड्याचं नाही."

"धर्म असू दे वहिनी, पण वास फावड्यानंच थांबतो."

मी न आलेल्या बहिणीची बाजू घेतली. म्हटलं, सगळ्याच मेल्या तर मागे दिवा कोण लावणार? बोलून गेले आणि बघते तर सगळे माझ्याकडे बघतायत. आपल्या घरात घरी राहिलेली मी, आणि न आलेली तू. गावाला तेवढंच माहीत आहे. मी पटकन पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

आता कामाचं. फेब्रुवारीत आईला तीन वर्षं होतात. रीतीप्रमाणे तिची हाडं काढून पेटीत ठेवायची आणि कबरीची जागा रिकामी करून द्यायची आहे. पान्देलिस म्हणाला, शनिवारी, पंधरा फेब्रुवारीला काढू. म्हणजे पुढच्या आठवड्यात मृतांचा शनिवार येतो, त्या दिवशी पेटीवर प्रार्थना होईल. हाडं धुवायला मुली लागतात. तिला मुली दोन. मी एकटीही धुवीन, त्यात काही नाही. पण नंतर पुन्हा आईच्या चाळिसाव्या दिवसासारखं नको. उकडलेल्या गव्हाच्या ताटाशी उभी राहून तू सगळ्यांसमोर मला म्हणाली होतीस, "तू मला कळवलंच नाहीस." मी तेव्हा सांगितलं तेच आता सांगते. आई अचानक गेली. सकाळी बरी होती, दुपारी नव्हती.

यायचं तर ये.

स्तामाता

बुधवार, २० नोव्हेंबर

लेमोनिया,

उत्तर नाही. बरं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आपल्या दोघींचा पीळ एकाच कातणाऱ्याचा आहे. मी लिहीत राहते.

आज त्या राजाची गोष्ट झाली, जो लढाईला गेला आणि वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी आला. घरात बायकोला मागण्या घालणारे टोळभैरव खाऊनपिऊन बसलेले. म्हाताऱ्या कुत्र्यानं धन्याला ओळखलं, दाईनं पायावरच्या जुन्या जखमेच्या खुणेवरून ओळखलं. बायको मात्र परक्याशी बोलावं तशी बोलत राहिली. प्रश्न: "तिनं त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं का? ओळखलं असेल तर गप्प का बसली?"

"ओळखणार नाही तर काय!" मारियान्थी म्हणाली. "नवरा बायकोला खोकल्यावरून कळतो."

"मग सांगायचं ना!" पान्देलिस उखडला. "बिचारा चिंध्यांत बसलाय, कुत्रं जीव टाकतंय, आणि ही सूत कातत बसलीय!"

"वीस वर्षं तो आला नाही. चार दिवस ती बोलली नाही. फिटंफाट."

सगळे हसले. हसू ओसरल्यावर मारियान्थी अचानक माझ्याकडे वळून म्हणाली, "पण माहीत असून गप्प बसणं सोपं नसतं गं, स्तामाता." आणि लाल झाली. ती असं माझ्याकडे बघून का म्हणाली, मला कळलं नाही. खरं तर थोडंसं कळल्यासारखं वाटलं.

तुला आणखी एक सांगायचंय. मागच्या आठवड्यात लोहाराच्या म्हाताऱ्याला काढलं. त्याला पाच वर्षं झाली होती. तो विरघळलाच नव्हता. अर्धा तसाच, काळा. घाईघाईनं परत झाकला. आता बाजारात सगळ्यांच्या तोंडी तेच. म्हातारा कुणाला तरी क्षमा न करता गेला, किंवा घरच्यांनी त्याला काहीतरी केलं, म्हणून माती त्याला घेत नाही. पान्देलिस म्हणतो, तिथली माती चिकण आहे आणि शवपेटी आतून प्लास्टिकनं मढवली होती, बाकी काही नाही. पण पान्देलिसचं कोण ऐकतं? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं गाव आहे आपलं.

आपली आई नीट निघेल. का नाही निघणार? तिचं काय अडलं होतं? नऊ वर्षं मी तिला सांभाळलं. जेवण भरवलं, कूस बदलली, केस विंचरले. त्या अकरा दिवसांत तर मी खुर्चीवरून हललेसुद्धा नाही.

अकरा दिवस लिहून गेले. शाईचं पेन आहे, खोडलं तरी दिसणार. राहू दे.

स्तामाता

बुधवार, ११ डिसेंबर

लेमोनिया,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांत पहिलं. पुढे स्टुटगार्टचा नाताळबाजार आणि मागे एकच ओळ: 'कसले अकरा दिवस?'

कार्ड आलं तेव्हापासून ते ब्रेडच्या डब्यावर ठेवलंय. येता-जाता वाचते. उत्तर द्यायला बसले की भांडी आठवतात, चूल आठवते. आज द्यायचंच ठरवलं, आणि त्याला कारण फोतिनीबाई.

आज गोष्ट रोमवाल्यांची होती. "रोमवाल्यांची म्हणजे आपलीच उचललेली," असं पान्देलिसनं आधीच जाहीर केलं. शहर जळतंय. एक माणूस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, पोराचा हात धरतो आणि बायकोला सांगतो, तू थोडं अंतर ठेवून मागून ये. वेशीबाहेर पोचून बघतो तर बायको नाही. बाप वाचला, पोर वाचलं, पुढे त्याच्या वंशानं मोठं राज्य उभारलं. बायको त्या आगीतच राहिली. प्रश्न: "खांद्यावर घेतलेल्याची आठवण सगळे ठेवतात. जी मागे राहिली तिचा हिशोब कुणी द्यायचा?"

"म्हातारा चालणार कसा? त्याला घ्यायलाच हवं," पान्देलिस म्हणाला.

"आणि बायकोला पाय आहेत म्हणून सोडून द्यायची?" मारियान्थीनं विचारलं. "पुरुषांच्या गोष्टी मेल्या!"

मी म्हटलं, "खांद्यावर ओझं असलं की मान वळत नाही. मागे कोण राहिलं ते त्याला दिसणार कसं?"

बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "स्तामाता, फार चांगलं बोललीस." चाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा शाबासकी दिली, आणि मी उठून बाहेर आले. कारण ते खोटं होतं. मान वळत होती गं. मी वळवली नाही.

तर ऐक. एकोणतीस जानेवारीला सकाळी आईची जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आठवडा, फार तर दोन. ती आठ फेब्रुवारीला गेली. ते अकरा दिवस. तिसऱ्या दिवसापासून ती तुझं नाव घ्यायला लागली. मी म्हटलं, "येतेय, निघालीय." चौथ्या दिवशी सांगितलं, विमानाला उशीर आहे. पाचव्या दिवशी मी स्टुटगार्टमध्ये बर्फ पाडला. रोज नवीन काहीतरी. ती मान हलवायची आणि दाराकडे बघायची. फोन माझ्या हाताशी होता. तुझा नंबर मला पाठ आहे.

का केलं, ते तुला आणि मला दोघींना कळायला हवं. तू उन्हाळ्यात पंधरा दिवस यायचीस, चॉकलेटं आणि हाताला लावायची क्रीम घेऊन. आई तुला बघून जशी हसायची तशी नऊ वर्षांत माझ्याकडे बघून एकदाही हसली नाही. मी रोजची होते, तू सण होतीस. मुलगी झाली म्हणून वैतागून आजीनं माझं नावच स्तामाता, म्हणजे 'थांबा', असं ठेवलं, आणि सात वर्षांनी तू झालीस तेव्हा मात्र आईनं हट्टानं तुला बागेतल्या लिंबाच्या झाडाचं नाव दिलं. ते जाऊ दे. मला ते अकरा दिवस माझे एकटीचे हवे होते. वाटलं, शेवटी तरी ती माझ्याकडे बघेल. ती दाराकडे बघतच गेली.

आणि त्यावर चाळिसाव्या दिवशी मीच तुला सुनावलं, "तिकडे परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतेस, स्वतःची आई नाही दिसली?" चोराच्या उलट्या बोंबा. तू तेव्हा पांढरीफटक पडलीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलीस.

लोहाराच्या म्हाताऱ्याबद्दल मी का लिहिलं, ते आता तुझ्या लक्षात येईल. आईची वाट बघून संपली नव्हती, आणि मी तिला खोटं सांगत होते. माती तिला घेणार नाही, अशी मला भीती वाटते. तिला काढताना ती काळी, अर्धी निघाली, तर सगळं गाव विचारेल कुणामुळे, आणि ते फक्त मला माहीत असेल. आता तुलाही माहीत आहे.

तू माझ्याशी बोलू नकोस, मी समजून घेईन. पण तिच्यासाठी ये. शेवटी तू आलीस, एवढं तरी तिला मिळू दे.

स्तामाता

बुधवार, २२ जानेवारी २०२०

लेमोनिया,

नाताळ गेला, नवीन वर्ष गेलं, तुझी ओळ नाही. मी पोस्टात जाऊन विचारतेसुद्धा. खिडकीतली नवीन मुलगी मला बघूनच मान हलवते. बत्तीस वर्षं मीही लोकांना अशीच मान हलवून परत पाठवत होते, तेव्हा त्यांना काय वाटत असेल याचा विचार केला नव्हता.

आजच्या गोष्टीतला गवई मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेला. तिथल्या राजानं अट घातली, वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. अगदी उंबरठ्यावर तो वळला आणि ती कायमची गेली. "तो का वळला?"

"बायको मागून चालतेय आणि इतक्या वाटेत एक शब्द बोलत नाही?" पान्देलिस म्हणाला. "माझी इतका वेळ गप्प राहिली तर मीही वळून बघेन, मेली की काय!"

"अरे, ती मेलेलीच होती!"

"तरी!"

मारियान्थीला हसून हसून उचकी लागली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

सुटल्यावर मी पान्देलिसला पायऱ्यांवर गाठलं. विचारलं, आई कशी निघेल?

"उताराची जागा आहे, पाणी थांबत नाही. चांगलीच निघेल."

"आणि नाही निघाली तर?"

"तर परत झाकू, दोन वर्षांनी बघू. तू एवढं काय केलंयस?"

मी पायरीवरचा कचरा बुटानं सारला. त्यानं टोपी नीट केली. म्हणाला, "प्रत्येक कबरीवर कुणीतरी मला बाजूला घेऊन हेच विचारतं. सगळ्यांनी काही ना काही केलेलं असतं, स्तामाता. मातीला काय पडलंय? ती पाणी बघते आणि ऊन बघते."

त्याचं म्हणणं डोक्याला पटतं. तरी घरी येताना मी दफनभूमीचा रस्ता टाळला.

शनिवार पंधरा, सकाळी नऊ. खोलीत तुझा पलंग आवरून ठेवलाय. नुसतं सांगतेय.

स्तामाता

बुधवार, २६ फेब्रुवारी

लेमोनिया, माझ्या बाई,

बसमध्ये चढताना तू एकच विचारलंस, "तू किंचाळलीस कशाला?" आणि दार लागलं. इतकं काही विचारण्यासारखं होतं आणि तू हे विचारलंस. तर सांगते. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण मला ते कागदावर हवंय.

शुक्रवारी दुपारी तू एका बॅगेनिशी दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "कॉफी आहे का?" मी तीन महिने काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "साखर किती?" शनिवारी सकाळी दफनभूमीच्या फाटकापर्यंत आलीस आणि म्हणालीस, मी इथेच थांबते, मला बघवणार नाही. रस्त्याकडे तोंड करून उभी राहिलीस. मला राग आला नाही. मलाही पळून जावंसं वाटत होतं.

पान्देलिसनं वरची माती काढली. पाद्रीबाबा मंत्र म्हणत होते. फोतिनीबाई आल्या होत्या, काळ्या कोटात. मारियान्थीनं माझा दंड धरला होता. फळ्या लागल्या, कुजलेल्या, तशा पान्देलिसनं फावडं बाजूला ठेवलं आणि हातानं माती सारायला लागला. पायाकडून सुरुवात केली. आणि मला आईचा पाय दिसला. अख्खा पाय, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, तपकिरी, भरलेला, पोटरीसकट.

तेव्हा मी किंचाळले. मंत्र थांबला. मारियान्थीनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी ओरडले, "माझ्यामुळे! माझ्यामुळे झालं हे!" आणि गुडघ्यावर बसले.

पान्देलिसनं खड्ड्यातूनच माझा हात धरून हलवला. "अगं बाई, मोजा आहे! मोजा! नायलॉनचा!" त्यानं तो बोटांनी फाडून दाखवला. आत माती आणि एक सरळ स्वच्छ हाड. मग तो सगळ्यांवर भडकला. "गावाला किती वेळा ओरडून सांगायचं, पुरताना सुती घाला, नायलॉन घालू नका! जग बुडेल, मेलेले उठतील, देव न्याय करायला बसेल, तरी हे मोजे तसेच असतील!"

पाद्रीबाबांना हसू आलं, ते त्यांनी दाढीत लपवलं.

ते मोजे तू पाठवलेले होते. जर्मनीहून, त्याआधीच्या नाताळात, जाड तपकिरी. आईनं कधी घातले नाहीत. कागदासकट कपाटात ठेवून म्हणायची, "लेमोनिया येईल तेव्हा घालीन." ती गेल्यावर तिला तयार करताना मी कपाट उघडलं, तर ते समोर दिसले. मी तेच घातले तिच्या पायांत. तुला बोलावलं नव्हतं, निदान तुझं काहीतरी तिच्याबरोबर जावं, असं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तू धावत आलीस. मला मागून मिठीत घेतलंस आणि "काय झालं, काय झालं" विचारत राहिलीस. मी नुसतं खड्ड्याकडे बोट दाखवलं. पान्देलिसच म्हणाला, "काही नाही झालं. मोजे." मग त्यानं कवटी उचलली, बाहीनं पुसली आणि उन्हात धरली. मेणासारखी पिवळी, एक डाग नाही. म्हणाला, "बघा. अशी वर्षातून एखादी निघते." ज्या बायका लोहाराच्या म्हाताऱ्याबद्दल बोलत होत्या त्याच म्हणाल्या, "देवानं सोडवलं तिला." माझ्या खांद्यावरून जे ओझं उतरलं ते मी सांगू शकत नाही. मी तिच्या कपाळावर मुका घेतला, मग तू घेतलास.

पुढचं तुला माहीत आहे. चादरीवरच्या हाडांवर तू वाइन ओतत होतीस, मी ती चोळून धूत होते. तिसऱ्या की चौथ्या हाडाला तू खाली मान घालून म्हणालीस, "मला चौथ्या दिवशीच कळलं होतं, स्तामाता. मारियान्थीनं फोन केला होता. मी तिकीट काढलं. विमानतळावर दोन तास बसले आणि घरी परत गेले. रोज मी मरणाऱ्यांचे हात धरते, पण तिचा धरायची हिंमत झाली नाही. तू कळवलं नाहीस हे माझ्या पथ्यावर पडलं. सगळं तुझ्यावर ढकललं आणि तीन वर्षं रागावून बसले."

आणि मी काय म्हटलं? "बाटली संपली, दुसरी दे."

तुला वाटलं असेल, मी मनात धरलं. तसं नव्हतं. मला उत्तर सापडत नव्हतं. तू गेल्यावर मी दोन दिवस राग शोधला. यायला हवा होता गं! तीन वर्षं मी रोज सकाळी डोळे उघडले की पहिली तीच गोष्ट आठवायची. तुझा एक शब्द ते अर्धं करू शकत होता. पण राग येईना. रविवारी तर मी दुपारी जेवून पडले ते थेट पाचला उठले, तोंड उघडं टाकून, घोरत. शेजारीण खिडकीतून बघून गेली, मेले की काय म्हणून.

आज बाईंनी प्रत्येकाला स्वतःचा प्रश्न आणायला सांगितला होता. मी माझा वाचला. "दोन बहिणी. आई मरायला टेकलीय हे दोघींना माहीत होतं. एकीनं बोलावलं नाही, दुसरी आली नाही. जास्त दोष कुणाचा?"

कुणाचीही नावं घेतली नव्हती, पण गाव आहे ते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मारियान्थी रडायलाच लागली. "मी फोन केला आणि तुला सांगितलं नाही. दर बुधवारी सांगायचं ठरवून येत होते." मी तिला म्हटलं, अगं, तू फोन केलास, म्हणजे आम्हा तिघींत तू तरी शहाणी निघालीस. तेव्हा ती जास्तच रडली. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कुणाला बोलायचंय?"

पान्देलिसचा हात वर. "यात चर्चा कसली? हाडं स्वच्छ निघाली. खटला संपला."

"पान्देलिस, हे उत्तर नव्हे."

"तुम्हीच म्हणता ना बाई, असं का वाटतं ते सांगा. चाळीस वर्षं खणतोय मी. जिला आपल्या पोरींवर राग धरून ठेवायचा असतो तिची हाडं अशी निघत नाहीत."

मी म्हटलं, "अरे, तूच म्हणाला होतास ना, उतारामुळे! माती पाणी बघते, ऊन बघते!"

"ते पायऱ्यांवर म्हणालो होतो," तो म्हणाला. "इथे वाचनालय आहे."

तर हे माझं उत्तर, अकरा दिवस उशिरानं. तू भ्यायलीस. मी हावरेपणा केला. आईला मुली दोनच होत्या, एक भित्री आणि एक हावरी, आणि दोघी कशा आहेत हे तिला आपल्या आधीपासून माहीत असणार. तरी तिनं मनात काही ठेवलं नाही. मग आपण कशाला ठेवायचं?

तुझी,
स्तामाता